एकाच लेखणीची छक्कड आणि कादंबरी

करी रोड स्थानकाच्या पुलावरून एका बाजूला उतरलं की ना. म. जोशी मार्ग, म्हणजे जुन्या माणसांचा डिलाईल रोड. दुसऱ्या बाजूला महादेव पालव मार्गानं सरळ गेलं की लालबाग. या दोन रस्त्यांच्या मधल्या आणि आसपासच्या चाळींत एके काळी एका खोलीत वीस-वीस, तीस-तीस पुरुष राहत. एक पाळी कामावर गेली की दुसरी पाळी येऊन त्याच जागेवर आडवी व्हायची. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी इथून ही माणसं आलेली. घरधनीण गावी, शेताच्या तुकड्यापाशी, सासूसासऱ्यांपाशी. जेवण खानावळीत, पैसे मनिऑर्डरनं गावाला, आणि भेट वर्षातून एकदा, गणपतीला नाहीतर शिमग्याला. मुंबईच्या कापडाचा सगळा डोलारा या ताटातुटीवर उभा होता. ही ताटातूट गाण्यात ज्यानं पकडली, त्यानंच कादंबरीतही ती माणसं उभी केली. पण मराठी वाचकानं त्याची गाणी एका कप्प्यात टाकली, कादंबऱ्या दुसऱ्या कप्प्यात, आणि बहुतेक वेळा दुसरा कप्पा उघडलाच नाही.

तुकाराम भाऊराव साठे, म्हणजे अण्णा भाऊ साठे, 1 ऑगस्ट 1920 रोजी वाटेगावात जन्मले. आज हे गाव सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यात आहे. घर मांगवाड्यातलं. शाळा म्हणावी तर दीड दिवसाची. 1930 च्या दशकाच्या आरंभी आईवडील मुलांना घेऊन वाटेगावहून मुंबईला निघाले ते पायी, कारण गाडीभाडं नव्हतं. वाटेत मिळेल ते काम करायचं, पोटाला घालायचं आणि पुढं निघायचं. मुंबईत या मुलानं कोळसा वाहिला, हमाली केली, कापड गिरणीतही राबला. अक्षरं तो शहराच्या पाट्यांवरून आणि सिनेमाच्या जाहिरातींवरून जुळवत शिकला, असं त्याच्या चरित्रकारांनी लिहून ठेवलंय. मधल्या काळात गावी परतल्यावर नात्यातल्या बापू साठे यांच्या तमाशाच्या फडात त्यानं ढोलकीचा ठेका, सवालजवाब, बतावणी हे सगळं अंगात मुरवलं. नंतर माटुंग्याच्या लेबर कॅम्पात कम्युनिस्ट कार्यकर्त्यांशी गाठ पडली. तिथं रचलेलं सुरुवातीचं गाणं कॅम्पातल्या डासांवर होतं. त्यानंतर काही वर्षांतच, 1943 मध्ये, त्यानं स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा लिहिला. लेबर कॅम्पच्या डासांपासून व्होल्गाकाठच्या युद्धापर्यंतचा हा पल्ला एका तरुणानं शाळेवाचून गाठला, याचं नवल मराठीनं अजून पुरतं केलेलं नाही.

1944 साली लालबावटा कलापथक उभं राहिलं. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर असे तिघे. तिघांची घडण वेगवेगळी. अमर शेख बार्शीचे, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. त्यांच्या आवाजाला ध्वनिक्षेपकाची गरज पडत नसे असं त्या सभा ऐकलेले लोक सांगत. गव्हाणकर रचना करत, गात आणि संघटना बांधत. अण्णा भाऊ लिहीत आणि स्वतः रंगमंचावर उभे राहत. परळच्या दळवी बिल्डिंगमध्ये गिरणी कामगार युनियनची कचेरी होती, आणि संप असो की सभा, या पथकाशिवाय गर्दीला सुरुवात झाल्यासारखं वाटत नसे. कामगार मैदान, नरे पार्क, चाळींची पटांगणं हीच त्यांची नाट्यगृहं होती.

या काळात अण्णा भाऊंनी तमाशाच्या सांगाड्याला हात घातला. गणात गणेशाच्या जागी मायभूमीला वंदन आणलं. गवळण काढून टाकली, म्हणजे श्रीकृष्णाच्या नावाखाली चालणारी स्त्रीची छेडछाड गेली. बतावणी आणि वग ठेवले, पण वगात राजा-प्रधानाच्या जागी सावकार, काळाबाजारवाला आणि निवडणुकीतला पुढारी आला. ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘पुढारी मिळाला’ ही नावंच विषय सांगतात. लोकनाट्य म्हणून पुढं जे मराठी रंगभूमीवर मानानं मिरवलं, त्याचा पाया गिरणगावाच्या पटांगणात घातला गेला. स्वातंत्र्यानंतर कम्युनिस्टांवर झालेल्या कारवाईत कलापथकाच्या वाट्याला बंदी आणि धरपकडही आली. तरी हा माणूस थांबला नाही. इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन, म्हणजे इप्टा, 1943 साली मुंबईत स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष कामगार पुढारी ना. म. जोशी होते, ज्यांचं नाव आज डिलाईल रोडला आहे. पुढं त्याच संस्थेचं अध्यक्षपद अण्णा भाऊंकडे आलं. करी रोडच्या दोन पावलांवरचा हा इतिहास तिथल्या एकाही फलकावर लिहिलेला नाही.

‘माझी मैना’ ही छक्कड बहुतेकांना माहीत असते. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अमर शेखांच्या आवाजात ती महाराष्ट्रभर पोहोचली, नंतर विठ्ठल उमपांनीही ती गाजवली. बहुतेक लोक तिला विरहगीत म्हणून ऐकतात आणि काही लोक चळवळीचं गाणं म्हणून. तिची करामत मात्र या दोन्हींच्या सांध्यात आहे. सुरुवातीला गावी राहिलेल्या बायकोचं रूप, तिचा स्वभाव, तिला न घेता आलेले दागिने, निघतानाची घालमेल असं सगळं सविस्तर येतं. मग मुंबई येते. बेकारी येते, काळाबाजार येतो, श्रीमंतांच्या माड्या येतात. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढं आपली बायको उभी असते, आणि अशा क्षणी शाहीर त्याला सांगतो की महाराष्ट्राचीही गत तुझ्या मैनेसारखी झाली आहे. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव तिच्यापासून तुटले आहेत. भाषावार प्रांतरचनेवरचा अग्रलेख गिरणीतल्या बदली कामगारानं वाचला नसता. पण ताटातूट म्हणजे काय हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. 21 नोव्हेंबर 1955 ला फ्लोरा फाउंटनवर गोळीबार झाला, पुढच्या काळात शंभरावर माणसांनी प्राण दिले, आणि 1 मे 1960 ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. त्या लढ्यात गिरणगाव एवढ्या संख्येनं रस्त्यावर का उतरलं, याचं एक उत्तर या गाण्याच्या रचनेत सापडतं.

‘मुंबईची लावणी’ हे दुसरं उदाहरण. पठ्ठे बापूरावांनी आधी मुंबईवर लावणी रचली होती ती शहराच्या झगमगाटावर. अण्णा भाऊंनी त्याच साच्यात मलबार हिल आणि परळ शेजारी शेजारी ठेवले. वर्णनाची भाषा तीच, ठेका तोच, आणि शहर दुसरंच. कवी म्हणून त्यांची ही ताकद विशेष आहे: लोकांना पाठ असलेला साचा ते मोडत नाहीत, त्यात नवा ऐवज भरतात. म्हणून ते गाणं पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही ओळखीचं वाटतं आणि तरीही तो हादरतो.

हीच रीत कादंबरीत आली, आणि प्रस्तुत लेखाचं म्हणणं इथूनच सुरू होतं.

अण्णा भाऊंनी 35 च्या आसपास कादंबऱ्या लिहिल्या, डझनावर कथासंग्रह, लोकनाट्यं, पोवाडे, आणि 1961 च्या दौऱ्यावर आधारलेलं ‘माझा रशियाचा प्रवास’. ‘फकिरा’ 1959 साली आली, वि. स. खांडेकरांची प्रस्तावना, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पणपत्रिका, आणि 1961 साली राज्य शासनाचं पारितोषिक. एवढं असूनही मराठी समीक्षेनं या कादंबरीकाराशी कायम हात राखून व्यवहार केला. कथानक भडक आहे, प्रसंग नाट्यमय आहेत, माणसं एकतर फार चांगली नाहीतर फार वाईट आहेत, मनाचे बारकावे नाहीत, असे आक्षेप वर्षानुवर्षे घेतले गेले. त्यातले काही खरे आहेत. पण ते ज्या मापानं घेतले गेले ते माप एकट्यानं, खुर्चीत बसून, मनातल्या मनात वाचायच्या कादंबरीचं होतं.

गिरणगावात वाचन असं होत नसे. पाळी सुटल्यावर एकानं वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचं आणि खोलीतल्या बाकीच्यांनी ऐकायचं, ही तिथली जुनी रीत. ‘फकिरा’ची पहिली काही पानं कुणीही मोठ्यानं वाचून पाहावीत. वाटेगावासाठी शिगावची जोगणी आणायला रानोजी निघतो, ती मिळवतो आणि जीव गमावतो, एवढा सगळा भाग श्वास धरून ऐकावा असा आहे. वाक्यं छोटी. क्रियापदं धावती. घोडा, तलवार, वारा, अंधार यांची वर्णनं एका ओळीत येतात आणि प्रसंग पुढं सरकतो. पोवाड्यात शाहीर जसा चौकाच्या शेवटी आवाज चढवून थांबतो तशी प्रकरणं संपतात. ज्याला समीक्षक भडकपणा म्हणतात, तो ऐकणाऱ्यासाठी केलेला उच्चार आहे. मागच्या भिंतीला टेकून बसलेल्या माणसापर्यंत पोहोचायचं तर रेषा ठळकच ओढावी लागते.

आणि त्या ठळक रेषेच्या आत काय आहे? 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं लादलेली हजेरी आहे; धडधाकट माणसानं रोज चावडीवर जाऊन आपण गावातच आहोत हे सांगायचं, नाही गेला तर तो चोर. दुष्काळात पोरं उपाशी मरताना मठकरीच्या वाड्यात साठवलेलं धान्य आहे. त्या धान्यावर आणि पुढं बेडसगावच्या सरकारी खजिन्यावर पडलेली धाड आहे. आणि शेवटी, बायकामुलं आणि सोयरेधायरे इंग्रजांनी कोंडल्यावर स्वतः चालत जाऊन हवाली होणारा नायक आहे. विष्णुपंत कुलकर्णी नावाचा एक ब्राह्मण या कादंबरीत मांगवाड्याच्या बाजूनं उभा राहतो. उपाशी मरण्यापेक्षा जगण्यासाठी काहीही करा असं सांगणारा माणूस अण्णा भाऊंनी ब्राह्मणांतून घेतला. ज्यांना त्यांची माणसं एकरंगी वाटतात त्यांनी विष्णुपंत पुन्हा वाचावा. फकिरा हा लेखकाच्या नात्यातला माणूस; लेखकाचा जन्म झाला तेव्हा त्यानं बाळंतिणीला ओंजळभर रुपये दिल्याची आठवण घरात सांगितली जात असे. म्हणजे ही गोष्ट अण्णा भाऊंनी आधी ऐकली, मग कितीदा तरी सांगितली असेल, आणि शेवटी लिहिली. कानातून आलेली कादंबरी डोळ्यांनीच तपासण्यात समीक्षेची गफलत झाली.

या सगळ्या कादंबऱ्या ‘फकिरा’च्या तोलाच्या नाहीत, हे प्रेमानं वाचणाऱ्यानंही मान्य करावं. कित्येक घाईत लिहिल्या आहेत. पोटासाठी लिहिणाऱ्याला मागणी तसा पुरवठा करावा लागतो, आणि हक्क थोड्या पैशांत विकून मोकळं व्हावं लागतं. त्या काळच्या बऱ्याच लेखकांची हीच कथा होती आणि अण्णा भाऊंची तर सर्वांत जास्त. तरीही ‘माकडीचा माळ’ घ्या. माकडवाले, डोंबारी अशा भटक्यांची पालं, त्यांची पंचायत, त्यांचे कायदे मराठी कादंबरीत याआधी इतक्या जवळून कुणी आणले होते? ‘वैजयंता’त तमाशातल्या बाईला नाचणारी म्हणून न पाहता कलावंत म्हणून पाहिलंय, आणि ते फडात ढोलकीच्या शेजारी बसलेल्या माणसालाच दिसू शकतं. ‘चंदन’मध्ये मुंबईच्या झोपडपट्टीतली विधवा कष्टकरी बाई आपली अब्रू आणि भाकर दोन्ही सांभाळते. बाईची अब्रू हा विषय त्या काळच्या कादंबरीत भरपूर होता. पण तिची मजुरी किती, ती कामाला जाते कुठं, तिच्या मागं पोराला कोण बघतं, हे लिहिणारे थोडे होते.

आणि ‘स्मशानातील सोनं’. मराठीतल्या उत्तम कथांच्या कुठल्याही यादीत ती पहिल्या दहात बसावी. वारणेकडचा भीमा मुंबईच्या उपनगरात खाणीवर राबत असतो. खाण बंद पडते. एके दिवशी त्याला चितेच्या राखेत सोन्याची अंगठी सापडते आणि त्या दिवसापासून तो रात्री मसणवटे उकरू लागतो. अंधारात कोल्ह्यांशी झुंज, मढ्याच्या जबड्यात अडकलेली बोटं, आणि बोटं गेल्यावर कानावर येणारी बातमी: खाण पुन्हा सुरू झाली. ज्या हातांवर पोट होतं ते हात निकामी झाल्यावर काम परत येतं. कथेत एकही घोषणा नाही. कम्युनिस्ट लेखक प्रचार करतो अशी तक्रार असलेल्यांनी ही कथा दाखवून सांगावं की यातला प्रचार कुठल्या वाक्यात आहे.

इथं एका जपानी लेखकाची आठवण काढणं आवश्यक वाटतं. अकियुकी नोसाका 1930 साली कामाकुरात जन्मले आणि कोबे शहरात दत्तक घरात वाढले. 1945 च्या जूनमध्ये अमेरिकी बॉम्बफेकीत ते घर गेलं, आणि त्याच वर्षी धाकटी बहीण उपासमारीनं दगावली. या अनुभवातून त्यांनी ‘काजव्यांची समाधी’ ही कथा लिहिली. तिला आणि आणखी एका कथेला मिळून 1967 सालासाठीचं नाओकी पारितोषिक मिळालं, आणि 1988 मध्ये इसाओ ताकाहाता यांनी तिच्यावर काढलेला ॲनिमेशनपट जगभर पाहिला गेला. याच नोसाकांनी मुलांसाठी लिहिलेलं खेळण्यांच्या नाचाचं एक गाणं 1963 साली जपानमध्ये पुरस्कारपात्र ठरलं आणि ते आजही बालवाड्यांत म्हटलं जातं. ते स्वतः गायचे, 1983 मध्ये संसदेच्या वरच्या सभागृहात निवडून गेले, आणि 2015 साली वारले. जपानी वाचकाला हे सगळं एकाच माणसाचं म्हणून ठाऊक असतं. भुकेची कथा लिहिणारा आणि पोरांना नाचवणारं गाणं लिहिणारा वेगळा धरावा असं तिथं कुणाच्या मनात येत नाही. भीमाची कथा आणि नोसाकांची कथा शेजारी ठेवून वाचली तर दोन्हींत भुकेपुढं माणूस काय काय करतो हेच दिसतं, आणि दोन्हीकडे लेखक डोळे पुसत बसत नाही.

आपल्याकडे कप्पे करायची खोड फक्त अण्णा भाऊंच्या बाबतीत आहे असंही नाही. शांता शेळके यांनी कादंबऱ्या लिहिल्या, हे त्यांची गाणी तोंडपाठ असलेल्या किती जणांना माहीत असतं? ग. दि. माडगूळकरांची ‘आकाशाची फळे’ ही कादंबरी आज कितीशी वाचली जाते? गाणं लोकप्रिय झालं की त्या माणसाचं गद्य दुय्यम, असा एक अलिखित निवाडा मराठीत लागतो. अण्णा भाऊंच्या बाबतीत त्याला जातीची आणि पक्षाची जोड मिळाली. ते शाहीर, म्हणजे सभेचे. ते कम्युनिस्ट, म्हणजे प्रचाराचे. ते मातंग, म्हणजे एका समाजाचे. असं म्हणत म्हणत एक पूर्ण लेखक तिघांत वाटला गेला आणि वाचकाच्या हाती काहीच उरलं नाही. 2 मार्च 1958 ला दादरला पहिलं दलित साहित्य संमेलन झालं तेव्हा उद्घाटक अण्णा भाऊ होते. पृथ्वी शेषाच्या फण्यावर नसून दलित-कष्टकऱ्यांच्या तळहातावर तोलली आहे, हा त्यांच्या भाषणातला विचार आज प्रत्येक वक्ता उद्धृत करतो. त्या भाषणात साहित्यावर, लेखकाच्या जबाबदारीवर त्यांनी जे मांडलं त्याबद्दल मात्र क्वचितच कुणी बोलतं.

सरकार त्यांना विसरलं असं म्हणता येणार नाही. 1985 पासून त्यांच्या नावानं विकास महामंडळ आहे. 1 ऑगस्ट 2002 ला टपाल तिकीट निघालं. भायखळ्याला राणीच्या बागेजवळ त्यांच्या नावाचं नाट्यगृह आहे. 2022 च्या सप्टेंबरमध्ये मॉस्कोच्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात त्यांचा पुतळा बसला. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं निवडक वाङ्मयाचा जाडजूड खंडही काढला. घाटकोपरच्या चिरागनगरात, जिथं त्यांनी आयुष्यातली ऐन लिहिती वर्षं काढली, तिथल्या स्मारकाच्या घोषणा होत आल्या आहेत. पुतळे आणि तिकिटं हवीतच. ज्या समाजाला पिढ्यानपिढ्या चावडीवर हजेरी द्यायला लावली त्या समाजाच्या लेखकाचा पुतळा मॉस्कोत उभा राहतो, याचा अभिमान वाटलाच पाहिजे. पण लेखकाचा सन्मान त्याची पुस्तकं नीट छापून आणि वाचून होतो, आणि इथं आपण कमी पडलो आहोत.

सगळ्या कादंबऱ्या, कथा, वग आणि गाणी कालक्रमानं लावलेली, पहिल्या आवृत्तीशी ताडून पाहिलेली, शुद्ध प्रत आणि प्रत्येक पुस्तकामागं चार पानांची टीप, एवढी मागणी एखाद्या भाषेला जड जाऊ नये. त्यात गाणं आणि कादंबरी एकाच खंडात, एकाच वर्षात शेजारी यायला हवीत. 1950 च्या दशकात हा माणूस संध्याकाळी कुठल्या मैदानात काय गात होता आणि रात्री चिरागनगरच्या झोपडीत काय लिहीत होता, हे एकत्र पाहिल्याशिवाय ‘फकिरा’ची वाक्यं तशी का चालतात हे कळणार नाही. विद्यापीठात ‘फकिरा’ शिकवताना सोबत स्टालिनग्राडचा पोवाडा आणि ‘अकलेची गोष्ट’ लावावी. पोवाडा म्हणून दाखवणारा शाहीर वर्गात बोलवावा. मराठीच्या प्राध्यापकाला ते अवघड नाही. शाहीर गावोगावी आहेत आणि त्यांना मानधनाची गरजही आहे.

दुसरी मागणी थेट या भागाशी निगडित आहे. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या क्रमांक दोन-तीनच्या आवारात कापड गिरणीचं संग्रहालय उभारण्याचं काम महापालिकेनं हाती घेतलंय. तिथं यंत्रं असतील, भोंगा असेल, फोटो असतील. तिथं एक ऐकायची खोलीही असावी. अमर शेख, गव्हाणकर, आत्माराम पाटील, विठ्ठल उमप, शाहीर साबळे यांच्या आवाजातलं जे जे ध्वनिमुद्रण मिळेल ते तिथं रांगेनं ऐकता यावं, आणि ऐकता ऐकता समोरच्या पानावर अण्णा भाऊंची छक्कड आणि त्याच वर्षीच्या कथेचा उतारा वाचता यावा. गिरणी म्हणजे केवळ साचे आणि चात्या नव्हेत. 18 जानेवारी 1982 ला अडीच लाखांच्या घरात कामगार संपावर गेले आणि गिरणगाव मोडलं. त्यानंतर श्रीनिवास मिलच्या जागी गगनचुंबी मनोरे आले, अपोलो मिलच्या जागी आलिशान वसाहत आली. इमारती पाडता येतात हे या भागानं डोळ्यांनी पाहिलंय. आवाज मात्र जपून ठेवता येतो, जर वेळेत टिपून ठेवला तर. ज्यांनी त्या सभा प्रत्यक्ष ऐकल्या, ती माणसं आता ऐंशी-नव्वदीत आहेत आणि त्यातली काही अजून याच चाळींत राहतात.

तिसरी गोष्ट जागेची. लालबागचं हनुमान थिएटर, जिथं गिरणी कामगार लावणी आणि वगाला टाळ्या देत, ते काळाच्या ओघात गेलं. परळचं दामोदर नाट्यगृह 1922 पासून या वस्तीचं. तेही 2023 मध्ये पुनर्विकासासाठी बंद झालं, आणि नाट्यकर्मी त्यासाठी रस्त्यावर उतरले. नवं दामोदर उभं राहील तेव्हा ते आधीइतक्याच आसनांचं आणि कामगार रंगभूमीला परवडेल अशा भाड्याचं असलं पाहिजे, ही मागणी रंगकर्मींची आहे आणि ती पूर्ण रास्त आहे. तिला एक जोड द्यावी. महिन्यातली एक तारीख लोकनाट्यासाठी राखून ठेवावी, आणि पहिला प्रयोग अण्णा भाऊंच्या वगाचा व्हावा. कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धांतून घडलेले कलावंत याच विभागात आहेत. त्यांना संहिता लागते आणि तालमीला जागा लागते. संहिता अण्णा भाऊंनी लिहून ठेवली आहे.

यावर कुणी म्हणेल, आता करी रोडला गिरणी कामगार राहिला कुठं? त्याची नातवंडं कचेरीत, बँकेत, मॉलमध्ये कामाला आहेत. त्यांना छक्कड कशाला हवी? पण याच स्थानकावर सकाळी उतरणाऱ्या गर्दीत घरपोच सामान पोहोचवणारी, सुरक्षारक्षकाची, इमारतींच्या बांधकामावरची कामं करणारी जी पोरं असतात, त्यांपैकी बहुतेकांची घरं अजूनही दूर गावी आहेत. कुणी बीडचा, कुणी लातूरचा, कुणी बिहारचा किंवा झारखंडचा. बायको-पोरं गावाकडे, खोली चार-सहा जणांत मिळून, पैसे आता मनिऑर्डरऐवजी मोबाइलवरून. ताटातूट तीच आहे. ‘स्मशानातील सोनं’मधला भीमा काम बंद पडल्यावर जे करतो ते 2020 च्या टाळेबंदीत शहर सोडून चालत निघालेल्या माणसाला समजावून सांगावं लागलं नसतं. वाटेगावहून मुंबईला चालत आलेल्या घरातला मुलगाच ते लिहू शकला, आणि मुंबईहून चालत गेलेल्यांच्या घरातून उद्या जो कुणी लिहील त्याला आपल्या आधी हे कुणी लिहिलंय हे माहीत असायला हवं. नारायण सुर्वे याच परळ भागात वाढले, गिरणी कामगार गंगाराम सुर्वे यांच्या घरात, आणि 1962 साली ‘ऐसा गा मी ब्रह्म’ घेऊन आले. बाबुराव बागूल माटुंग्याच्या लेबर कॅम्पातून 1963 मध्ये ‘जेव्हा मी जात चोरली होती’ घेऊन आले. पुढच्या दशकात दलित साहित्यानं जी मुसंडी मारली ती या तिघांच्या मागून. त्यांत गाणं आणि कादंबरी या दोन्ही दारांतून आत आलेला माणूस एकटे अण्णा भाऊ.

18 जुलै 1969 ला अण्णा भाऊ गेले. वय अवघं 48. शेवटचे दिवस गोरेगावच्या सिद्धार्थनगरात, आजारपणात आणि चणचणीत काढले. रशियन भाषेत पुस्तकं पोहोचलेला आणि सात कादंबऱ्यांवर चित्रपट निघालेला लेखक. बरोबर सहा आठवड्यांनी, 29 ऑगस्टला, अमर शेख अपघातात गेले. ज्यानं लिहिलं तो आणि ज्यानं गाऊन घरोघरी पोहोचवलं तो, दोघेही एकाच पावसाळ्यात. त्यांच्या पथकानं किती प्रयोग केले याची नोंदवही नाही, बहुतेक सभांचं ध्वनिमुद्रण नाही, आणि गव्हाणकरांचं लेखन तर शोधूनच काढावं लागतं. जे शिल्लक आहे ते विखुरलेलं आहे: जुन्या पक्षकचेऱ्यांच्या कपाटांत, कार्यकर्त्यांच्या घरच्या ट्रंकांत, रद्दीच्या दुकानांत मिळणाऱ्या, पाठपृष्ठ गेलेल्या प्रतींत. साहित्य आणि संस्कृती मंडळ, मुंबई विद्यापीठाचा मराठी विभाग आणि महापालिका या तिघांनी मिळून एक वर्ष चार माणसं या कामाला लावली तरी पुष्कळ हाती लागेल. सुरुवात करी रोड, लालबाग, परळच्या चाळींतून करावी, कारण पुनर्विकासासाठी रिकाम्या होणाऱ्या खोल्यांतून पहिल्यांदा बाहेर फेकले जातात ते जुने कागदच.